रंग कधी देणार?

आज रविवार. सकाळी साडेआठला बेल वाजली, दार उघडलं तर बाहेर एक रंगारी उभा. एका हातात डबा, काखेत फडक्यात गुंडाळलेले ब्रश. म्हणाला, "मॅडम, वो बिना कलर का दीवार किधर है?"

मी कोणाला बोलावलं नव्हतं. आमचं रंगकाम संपून अकरा दिवस झालेत. आणि ज्या भिंतीला तो बिना कलरची म्हणत होता त्या एका भिंतीवर मी २२ हजार रुपये घातलेत.

थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्व, १९८७ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४१० कार्पेटचा रीसेल वन बीएचके. ४५ दिवसांत हातात देतो म्हणाले होते, १२८ लागले. बजेटबद्दल मी काही बोलणार नाही, त्याबद्दल नवरा अजून बोलतोय. सुताराचे 'दो दिन', प्लंबरची गावाला गेलेली आई, हे सगळं सगळ्यांकडे होतं, त्यात नवीन काय. आमच्याकडे वेगळं होतं ते म्हणजे खालचे काका.

काका बरोबर आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्यभर डबे दुरुस्त केले. काम सुरू झालं त्या दिवसापासून रोज अकराला ते वर यायचे. पांढरा हाफ शर्ट, खिशात मेजरिंग टेप आणि एक छोटी वही. वहीत ड्रिल कितीला चालू झालं आणि कितीला बंद झालं त्याच्या नोंदी. दारात उभे राहून पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्टर आहेत का?"

"नाहीत काका, ऑफिसला गेलेत. बोला ना."

"नाही नाही. असू दे मग."

असू दे म्हणायचं आणि पाऊण तास उभं राहायचं. आता फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, हप्ता निम्मा माझा जातो, कामासाठी वर्क फ्रॉम होम घेऊन सिमेंटच्या धुळीत लॅपटॉप मांडीवर धरून मी बसलेली, मिस्त्रीशी भांडण माझं, टाइल माझी, कमोडची उंची मी ठरवलेली, पण काकांना बोलायचं ते मिस्टरांशी. माझ्या मिस्टरांना आजही विचारलं की आपल्या बेडरूमच्या पडद्याचा रंग कोणता तर तो डोळे मिटून विचार करतो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकांनी टेप काढली. मला वाटलं काहीतरी कम्प्लेंट आहे, भिंत त्यांच्या हद्दीत गेली वगैरे. (तिसऱ्या मजल्यावर हद्द कुठून येणार, पण सोसायटीत काही सांगता येत नाही.) त्यांनी किचनमध्ये ओटा सोडून उरलेली जागा मोजली. परत मोजली. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

"पाच फूट सहा इंच."

"हो काका. डिझायनरने तेवढंच काढून दिलंय."

"ब्रॉडगेज आहे ताई! एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटर. परफेक्ट!"

गेज म्हणजे रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर. मला वाटलं संपलं. कसलं संपतंय. हॉलमधून बाथरूमकडे जायची बोळकांडी अडीच फूट भरली, ते झालं नॅरोगेज. बाल्कनीचं दार सव्वातीन फूट आणि वर जरासं, ते मीटरगेज, आणि त्यावर काका खरोखर नाराज झाले. म्हणाले, "अहो मीटरगेज सगळीकडचं काढत आणलं. तुम्ही कशाला नवीन टाकताय?" बेड आणि वॉर्डरोबच्या मध्ये राहिले फक्त दोन फूट. तिथे टेप गुंडाळून त्यांनी नुसती मान हलवली. "माथेरान," म्हणाले. तिथल्या छोट्या गाडीचे रूळ तेवढ्याच अंतरावर.

ही नावं चिकटली याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आठवड्याभरात आमचा सुतार, जो राजस्थानचा, ज्याने माथेरान आयुष्यात बघितलं नाही, तो मला विचारायला लागला, "मॅडम, वो माथेरान साइड में शीशा लगाना है क्या?" माझी मुलगी शाळेत सांगून आली की आमच्याकडे माथेरान आहे. डिझायनरच्या ड्रॉइंगवर त्या जागेला 'ड्रेसिंग झोन' लिहिलंय, त्याचे तिने पैसे लावलेत.

फर्निचर आल्यावर तर काका घरी आल्यासारखेच वावरायला लागले. खिडकीशी मी एक बैठक करून घेतलीये, खाली स्टोरेज, वर गादी, चार उशा, पाऊस पडत असताना हातात कॉफीचा मग धरून बसायचं असं माझ्या डोक्यात तीन वर्षं होतं, फोनमध्ये फोटो सेव्ह केलेले. काका बसले. पाय लांब केले. खिडकीतून बाहेर बघितलं.

"साइड लोअर," म्हणाले.

"विंडो सीट म्हणतात काका त्याला."

"तेच ते. आणि हे फोल्डिंग टेबल म्हणजे चेअरकारचं. पण कडी चुकीची लावली तुमच्या माणसाने, झटक्याला पडेल."

"आपलं घर चालत नाहीये काका."

त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एका स्लीपरच्या डब्यात ७२ माणसं झोपवायचो आम्ही. आणि तुम्ही दोघं, तर एवढं सामान."

"तिघं. मुलगी आहे."

"मग तिला अप्पर द्या."

आता हसायला येतंय, तेव्हा येत नव्हतं. कारण ह्या माणसाचं अधूनमधून बरोबर निघायचं, तेच तर दुखणं. सिंकखालच्या कपाटासाठी मी दुकानदाराला बजावून सांगितलं होतं की पाण्याची जागा आहे, मरीन प्लायच पाहिजे, आयएस ७१०, आणि पैसे त्याचेच दिले. शनिवारी माल आला, मी बँकेत गेले होते, काकांनी जिन्यातच प्लायच्या कडेचा शिक्का वाचला. ३०३ लिहिलेलं. ३०३ म्हणजे साधा घरगुती प्लाय. आणि काकांनी हे कोणाला सांगितलं? मिस्टरांना. मिस्टर काय म्हणाले? "हो का, अरे वा." त्याला वाटलं काका काहीतरी डब्याचा नंबर सांगतायत.

मला कळलं चार दिवसांनी, तोवर प्लाय कापून, सनमायका मारून, सिंक बसवून झालेलं. दुकानदार म्हणाला कट केलेला माल परत होत नाही. मी काकांकडे गेले, म्हटलं मला का नाही सांगितलंत? तर काका अगदी साधेपणाने म्हणाले, "मिस्टरांना बोललो होतो की." वाईट हेतू शून्य, हेच तर चिडवतं, माणूस वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. आत्तासुद्धा भांडी घासताना मला त्या ३०३ ची आठवण येते आणि मी नळ हळू सोडते.

आणि मोझॅक. ह्या घरात मूळ मोझॅकच्या फरश्या होत्या, दहा बाय दहा इंची, पिवळट पांढऱ्यावर काळे, तपकिरी, हिरवे ठिपके. आमच्या माहेरीपण त्याच होत्या, आमच्या वयाच्या सगळ्यांच्याच घरी होत्या. मला त्या नको होत्या. ओट्याचा काळा कडप्पा नको होता, बाथरूममधली शहाबादी नको होती, ट्यूबलाइट तर बिलकुल नको होती. सगळं फोडलं. १४० गोण्या डेब्रिज निघालं. लिफ्ट नसल्यामुळे तीन जिने डोक्यावरून खाली, गोणीमागे पैसे, आणि रोज संध्याकाळी जिना धुऊन द्यायचा अशी सोसायटीची अट. तीही करू, बरोबरच आहे. पण गोण्या वाहणारी एक बाई होती, तिला आमचा संडास फोडलेला असल्यामुळे खालचा वॉचमनचा वापरू द्या म्हटलं तर 'बाहेरच्यांना देता येत नाही' असं उत्तर. ती रोज रिक्षा स्टँडपलीकडच्या सार्वजनिक संडासात जायची, जाऊन येऊन वीस मिनिटं, आणि कॉन्ट्रॅक्टर ती वीस मिनिटं मोजायचा. डिपॉझिट मात्र सोसायटीने २५ हजार घेतलंय, ते अजून आलेलं नाही, चेकवर दोन सह्या लागतात आणि दुसऱ्या सहीवाले मुलाकडे गेलेत. जाऊ दे.

तर त्या गोण्यांतून काकांनी चार मोझॅक बाजूला काढल्या, अख्ख्या निघालेल्या. म्हटलं घ्या, वजन तेवढंच कमी.

पुढच्याच महिन्यात डिझायनरने किचनच्या फ्लोअरिंगचं सॅम्पल आणलं. 'टेराझो लुक.' सध्या हेच चाललंय म्हणाली. पांढऱ्यावर काळे, तपकिरी, हिरवे ठिपके. मी 'हाउ क्यूट' म्हणाले. खरंच म्हणाले, पुरावा आहे, व्हॉट्सअपवर व्हॉइस नोट आहे. फिटिंग झालं त्या दिवशी काका खालून एक जुनी फरशी घेऊन आले आणि काही न बोलता नव्या टाइलवर ठेवली. मग वाकले, दोन्हीवर नख फिरवलं.

"ह्यात चिपा आहेत. संगमरवराच्या. सिमेंटमध्ये दाबून मग मशीनने घासलेल्या."

"हो काका."

"ह्यात चिपांचा फोटो आहे."

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं? फोडायचे पैसे दिले, वाहून न्यायचे दिले, आणि मग त्याच फरशीचा फोटो स्क्वेअर फुटाला ८५ रुपयांनी विकत घेतला.

काल वास्तुशांत झाली. छोटीशीच, चाळीस माणसं, म्हणजे आमच्याकडे चेंगराचेंगरी. दुपारची माणसं पांगल्यावर संध्याकाळी मी मुद्दाम सगळे दिवे लावले. तीन हजार केल्विन, वॉर्म व्हाइट, मऊ पिवळा उजेड, पाहुण्या बायका 'किती कोझी' म्हणतायत, मला अगदी धन्य वाटत होतं. काका-काकू आले. काकांनी वर बघितलं, मग बाहेर जिन्यात जाऊन तिथला दिवा बघितला, परत आत आले.

"तुमच्याकडे व्होल्टेज डाउन आहे का हो?" हे अर्थात मिस्टरांना. "आमच्याकडे फुल आहे."

काकू म्हणाल्या, "अहो, फॅशन आहे ती." काका म्हणाले, "चाळीसच्या बल्बची?"

मग ते भिंतीसमोर गेले. सिमेंट फिनिश टेक्स्चर. करड्या रंगाची, मध्येच गडद, मध्येच फिकी, दोन माणसं चार दिवस हातानं ते ढगाळ करत होती. काकांनी अंगठा दाबून बघितला. चाळीस माणसांपैकी उरलेली पंधरा माणसं त्या अंगठ्याकडे बघतायत.

"वाळलं की तसं. मग रंग कधी देणार?"

"काका, हाच रंग आहे."

"नाही, फायनल."

"हाच फायनल आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मिस्टरांकडे, मग पुन्हा भिंतीकडे. आवाज अगदी खाली आणला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पैसे कमी पडले का?"

आणि तो नवरा, तो, हसत म्हणाला, "थोडेसे."

त्या 'थोडेसे' वर आज सकाळी रंगारी आला. काकांनी पाठवलेला, मजुरी विचारू नका म्हणून सांगून पाठवलेला. म्हणजे माझ्या इंडस्ट्रियल लुकवर काकांनी दया केली आणि वर पदरचे पैसे लावायला निघाले. अशा माणसावर चिडायचं कसं सांगा. मी चिडले तरीही.

रंगाऱ्याने भिंत बघितली, च्च केलं, "दो हाथ पुट्टी मारेगा, एकदम चिकना कर देगा" म्हणाला. मी नको म्हटलं. आलेल्या माणसाला चहा तर द्यायला हवा, म्हणून किचनमध्ये गेले. पातेलं उतरवून ठेवलं ते मोझॅकच्या फरशीवर. हो, आहेर तोच होता. काकांनी माझीच फरशी पॉलिश पेपरने घासून, खाली फेल्ट चिकटवून, गिफ्ट पेपरमध्ये बांधून दिली. वापरतेय, कारण पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर गरम ठेवायचं नाही आणि हळदीचा डाग तर चौथ्याच दिवशी पडलाय, जात नाही. कडप्प्यावर माझ्या आईने तीस वर्षं कढया आपटल्या.

रंगाऱ्याने कप घेताना फरशी बघितली. "ये अच्छा है. असली है. किधर मिला?"

त्याच्या हातावर यायचे-जायचे दोनशे ठेवले. तो जिना उतरत असतानाच खालून आवाज आला, "काय झालं ताई? कोणता रंग ठरला?"

"कोणताच नाही काका."

"बरं. मिस्टर आहेत का?"

"आहेत. साइड लोअरला झोपलेत."