"बघा सर, पंखा फिरतोय!"

घरी कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की सल्लागारांना तोटा नसतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, कॅबिनेटला निळे दिवे आहेत की नाहीत, यावर आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत शाळकरी पोरसुद्धा तासभर बोलतं. एसएमपीएसचं, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणाऱ्या पेटीचं, नाव काढलं की मात्र सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. "त्याचं काय? कॅबिनेटबरोबर येतोय की!"

येतो. आहेराबरोबर नारळ यावा तसा येतो, आणि नारळासारखाच आत काय निघेल ते फोडल्यावरच कळतं.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. मागच्या मशीनमध्ये असाच एक फुकटातला एसएमपीएस होता. खानापूरकडचं मे महिन्यातलं लग्न मी जुलैच्या पावसात रेंडरला, म्हणजे पक्का व्हिडिओ तयार करायला, लावलं होतं (एवढा उशीर चालतो, मुलीकडच्यांनी उगाच मनावर घेतलं). करंट गेला, आला, परत गेला, आणि मग आला तो जरा जोरातच आला. पेटीत फट् झालं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव पडद्यावरून नाहीसा झाला. एसएमपीएस एकटा गेला असता तर दुःख नव्हतं, जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. चांगल्या एसएमपीएसमध्ये आउटपुटचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला की सगळं बंद करणारी सर्किट्स असतात. स्वस्तातल्यात पहिली काटकसर तिथेच होते, कारण ती सर्किट्स बाहेरून दिसत नाहीत. निळे दिवे दिसतात.

म्हणून या खेपेला मी आधी एसएमपीएस निवडायचा आणि मग बाकीचं, असं ठरवलं. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, भिंतीत करंट आहे. तो कॉम्प्युटरपर्यंत न्यायला पाच हजार? वायर कितीला मिळते?"

खडेबाजारच्या बाजूला एका दुकानात गेलो. मालकांनी धूळ झटकून एक खोका पुढे केला. त्यावर वाघ होता आणि वाघापेक्षा मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलं होतं. किंमत नऊशे. "गॅरंटी काय?" म्हटल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक टाचणी काढून यू आकारात वाकवली, चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या आणि काळ्या वायरीत खोचली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा सर, पंखा फिरतोय!"

फिरत होता. मलाही तो फिरताना बघून बरं वाटलं. पण टाचणीने एसएमपीएस फक्त जागा होतो. तीनशे वॅटचं ओझं पाठीवर घेऊन तो चालेल की बसकण मारेल, ते टाचणीला काय ठाऊक?

शेजारचे मामा माझ्याबरोबर आले होते. त्यांची हयात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिक मोटारी रिवाइंड करण्यात गेली. त्यांनी आधी खोका तळहातावर जोखला, "हलका आहे" म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून लेबल नाकाशी धरलं. वाघाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात एक तक्ता होता. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. मामांनी तोंडी गुणाकार केला. "एकशे ब्याण्णव. बाकीचे तीनशे वॅट वाघानं खाल्ले काय रे?"

हल्लीचं मशीन जवळपास सगळं त्या १२ व्होल्टवरच चालतं. मी घेणार होतो ते आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड एकटंच ११५ वॅट खातं, प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा आणि घाईत असला की त्याहून जास्त. मालक गप्प झाले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक हेच मागतंय की हो मामा, मी काय करू?" तेही खरंच होतं.

मग एसएमपीएसवरच्या ८० प्लस शिक्क्याची भानगड. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम. 'गोल्ड' ऐकून बायकोचा विरोध एकदम मावळला, "घ्यायचं तर चांगलंच घ्या" म्हणाली. खुलासा करायचं माझ्या जिवावर आलं. हा शिक्का फक्त एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागते आणि किती उष्णता होऊन जाते. परीक्षा साधारण २३ अंशाच्या गारव्यात होते. निम्म्या लोडवर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०. म्हणजे ३०० वॅटच्या कामाला एक ३५३ वॅट ओढतो, दुसरा ३३३. वीस वॅटच्या बचतीसाठी मी दोन हजार जास्त देणार नाही. आमच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडली की आत काय होईल, यावर शिक्का अवाक्षर काढत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघायची, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) १०५ अंश उष्णता सोसणारे आहेत का ते बघायचं, आणि पेटी उघडून, लोड लावून तपासणाऱ्या माणसांचं ऐकायचं. शेवटी ५५० वॅटचा ब्राँझ घेतला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. बायकोला रंग सोनेरी नाही एवढंच सांगितलं.

मशीन जोडलं, उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी आई पुसायला गेली आणि किंचाळली. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या! "पाच हजाराचा हाच काय तो?"

मामा टेस्ट लॅम्प घेऊन आले. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख. फेज आणि अर्थिंगमध्ये नुसता अंधार. आमच्या प्लगचं तिसरं भोक आजोबांच्या काळापासून शोभेचं होतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडासा करंट अर्थिंगकडे सोडतात. तिथे वाट नसली की तो पत्र्यावर मुक्काम करतो. यात महागडा आणि वाघछाप दोन्ही सारखेच.

मग अर्थिंगसाठी परसात, तुळशीपासून आई म्हणेल तितक्या अंतरावर, खड्डा. पाइप, कोळसा, मीठ. लाइनमन रस्त्यावरून जाताना डोकावला, "एन माडाकत्तीरी?" (काय करताय?) म्हणाला. मामांनी त्याला कन्नडमध्ये सगळी हकिकत सांगितली, तर तो उतरून पाइप सरळ धरायला लागला. संध्याकाळी फेज-अर्थिंगमध्ये बल्ब लख्ख पेटला. आईने कॅबिनेटला आधी एक बोट लावलं, मग पंजा.

कॉम्प्युटर एकूण कितीला पडला, असं बायकोने विचारलंय. एसएमपीएसपर्यंतचा हिशेब दिलाय. खड्डा घराच्या पावसाळी डागडुजीत दाखवलाय.