आयपीचं भांडण आणि तुमचं ते ‘राऊटर ऑफ-ऑन’

बिलिंगच्या पीसीवर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ (नेटवर्कवरचा एकच पत्ता दोन यंत्रांकडे) झळकलं की सपोर्टवाल्यांचं ठरलेलं उत्तर: “सर, राऊटर एकदा ऑफ-ऑन करा ना.” अरे, बरेचदा त्या ऑफ-ऑननेच तर हा राडा झालेला असतो!

स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरांत लीजची यादी (कोणता पत्ता कोणाला, किती वेळासाठी दिला) फक्त रॅममध्ये असते. राऊटर बंद झाला की यादी गेली. पण स्विचला (ऑफिसातल्या केबली एकत्र जोडणाऱ्या डबीला) जोडलेल्या पीसीला याचा पत्ताच नसतो, कारण त्याची लिंक स्विचशी असते आणि ती तुटलेलीच नसते. लीज 24 तासांची असेल तर तो 12 तास उलटल्यावरच नूतनीकरण मागणार, तोवर 192.168.1.103 आपल्याच मालकीचा म्हणून निवांत वापरणार. इकडे राऊटर पुन्हा पहिल्यापासून वाटायला बसतो आणि नुकत्याच आलेल्या लॅपटॉपला तोच 103 देऊन मोकळा होतो. वापरलेला पत्ता पुन्हा देण्याआधी तपासावा, हे पत्तेवाटपाच्या मानकात, आरएफसी 2131 मध्ये, 1997 पासून लिहिलेलं आहे. काही राऊटर तपासतच नाहीत. काही नुसता पिंग करतात (त्या पत्त्यावर ‘कोणी आहे का?’ विचारतात), आणि विंडोजची फायरवॉल पब्लिक प्रोफाइलवर (अनोळखी नेटवर्कसाठीच्या सेटिंगवर) पिंगला दाद देत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे जागा रिकामी! धन्य आहे.

आणि ते सीसीटीव्हीवाले! पूल (राऊटर वाटतो ते पत्ते) 100 ते 199, आणि हे एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकलेला कायमचा पत्ता देणार 192.168.1.150. का, तर “पिंग केला होता, कोणी नव्हतं.” अहो, रविवारी बंद ऑफिसात कोण असणार? बायोमेट्रिक मशीन आणि प्रिंटरचीही तीच तऱ्हा. महिनाभर काही होत नाही. मग पाहुण्यांचे फोन वाढतात, पूल भरत भरत 150 ला पोहोचतो आणि कॅमेरे गायब. शिव्या कोणाला? इंटरनेटवाल्याला.

शोधायला अर्धा तास पुरतो हो! विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडा, टीसीपीआयपीचा 4199 क्रमांकाचा इव्हेंट शोधा. भांडणाऱ्या समोरच्या यंत्राचा मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) त्यात चक्क लिहिलेला असतो. तो नसेल तर ज्याच्यावर संशय आहे त्याची केबल काढा, दुसऱ्या पीसीवर ॲडमिन म्हणून ‘एआरपी -डी’ने (arp -d) आयपी-मॅकच्या जोडीची जुनी नोंद पुसा, तोच आयपी पिंग करा आणि ‘एआरपी -ए’ (arp -a) बघा. पिंगला उत्तर नाही आलं तरी चालेल, मॅक दिसला पाहिजे. केबल काढूनही मॅक दिसला, तर दुसरा दावेदार तोच. मॅकचे पहिले सहा आकडे-अक्षरं कंपनी सांगतात (अँड्रॉइड 10 पासूनचे फोन बनावट मॅक दाखवतात, ते सोडून). मॅनेज्ड (सेटिंग उघडून बघता येणारा) स्विच असेल तर त्याच्या मॅक टेबलात पोर्टही कळतो. नसेल तर एकेक केबल उपटा, इलाज नाही.

‘आयपीकॉन्फिग /ऑल’मध्ये (ipconfig /all) डीएचसीपी सर्व्हरसमोर (म्हणजे पत्ते वाटणाऱ्यासमोर) भलताच आयपी दिसला, तर कोणीतरी वायफायसाठी जुना राऊटर लॅन पोर्टात खुपसलाय. त्याचं डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा आयपी बदला, नाहीतर दोघेही 192.168.1.1 म्हणून बसतील.

विंडोज सर्व्हरवाल्यांचं तर बोलायलाच नको. लीजच्या यादीत ‘बॅड ॲड्रेस’ दिसला की उडवायचा, पुन्हा आला की पुन्हा उडवायचा! अरे, ती ‘हा पत्ता आधीच कोणाकडे तरी आहे’ अशी तक्रार आहे, कचरा नाही. कॉन्फ्लिक्ट डिटेक्शनचा आकडा (पत्ता देण्याआधी किती वेळा पिंग करून बघायचं) मुळात 0 असतो, तो 1 किंवा 2 करा. पत्ता मिळायला किंचित उशीर होईल, बस्स.

स्टॅटिकसाठी 2 ते 49 राखून ठेवा, पूल 100 पासून पुढे. प्रिंटरला राऊटरमध्येच मॅकवर रिझर्व्हेशन (दर वेळी तोच पत्ता) द्या. आणि सीसीटीव्हीवाला आला की आयपी, सबनेट, गेटवे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. त्याला निवडायला सांगू नका.