वाझाँव म्हणजे विसर्ग

गेल्या रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामांनी लिहिलं, "मराठीतून इंजिनिअरिंग म्हणजे पोरांना हातपाय बांधून विहिरीत टाकणं. मराठीत शब्द तरी आहेत का?" विषय निघाला होता मामेभावाच्या मुलीला कोणत्या शाळेत घालायचं यावरून. खाली भराभर अंगठे आले. मी ब्राझीलमधल्या साओ पाउलोत, पोलीच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात बसून ते वाचलं आणि मग दिवसभर दुसरं काही सुचेना.

पोली १८९३ सालची. इथे पूल, धरणं, काँक्रीट, पाणीशुद्धीकरण, सगळं पोर्तुगीजमध्ये शिकवतात. बांदेजाँवच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या रांगेत ताट हातात धरून मुलं समीकरणांवर भांडतात, तीही पोर्तुगीजमध्ये. एम्ब्राएर या ब्राझीलच्या कंपनीची विमानं जगभर उडतात. ती घडवणारे इंजिनिअर आपल्या भाषेतच शिकलेले असतात. यातलं कोण विहिरीत पडलं? एवढं मी मामांना तिथल्या तिथे लिहून टाकलं.

राग मामांवर कमी होता, माझ्या पुण्यातल्या पहिल्या वर्षावर जास्त. पाटणच्या मराठी शाळेतून मी तिथल्या एका कॉलेजात गेले आणि पूर्ण सहामाहीत वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शंका होत्या, पण त्या मराठीत होत्या. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत सर फळा पुसून पुढे गेलेले असायचे. इथे माझं पोर्तुगीज कच्चं आहे, शब्दांची लिंगं निम्म्या वेळा चुकतात, तरी पहिल्याच महिन्यात मी हात वर केला. सरांनी प्रश्न समजून घेतला, माझं वाक्य नीट करून फळ्यावर लिहिलं आणि उत्तर दिलं. त्या रात्री सिर्कुलारमधून, विद्यापीठाच्या बसमधून, बुतांताँ मेट्रो स्टेशनला जाताना मला रडू आलं होतं. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही.

मामांचं उत्तर आलं: "ब्राझीलला एकच भाषा आहे. आपलं तसं नाही."

यावर मी गप्प बसले, कारण ती एकच कशी झाली हे आता मला माहीत आहे. या शहरात अठराव्या शतकापर्यंत तुपी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेपासून घडलेली लिंग्वा जेराल घराघरांत बोलली जायची. १७५७-५८ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने तिच्यावर बंदी घातली आणि पोर्तुगीज लादली. आज या शहरात तुपी उरली आहे ती जागांच्या आणि नद्यांच्या नावांमध्ये: बुतांताँ, इबिरापुएरा, आन्यांगाबाऊ, चिएते. रोज लाखो लोक ही नावं ऐकतात, आणि त्यांचा अर्थ सांगू शकणारा मला अजून भेटलेला नाही. ज्या भाषेचा दाखला देऊन मी मराठीची बाजू मांडत होते, ती इथल्यांची भाषा पुसून बसलेली आहे.

आणखी एक गोष्ट मी लपवली. २०११ मध्ये इथल्या सरकारने मुलांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्यासाठी सिएंसिया सें फ्रोंतेइरास ही मोठी योजना काढली. इंग्रजी येत नाही म्हणून इतक्या मुलांनी पोर्तुगालच निवडलं, की २०१३ मध्ये पोर्तुगालला यादीतून वगळावं लागलं. माझ्या प्रयोगशाळेतला सर्वांत हुशार मुलगा पेपर लिहायचा म्हटलं की माझ्या टेबलाशी येऊन बसतो. त्याचं इंग्रजी मी सुधारते. माझी शिष्यवृत्तीची मुलाखतही इंग्रजीतच झाली होती. मामांच्या हातात ही दोन वाक्यं दिली असती तर वाद तिथेच संपला असता, म्हणून दिली नाहीत.

पण "मराठीत शब्द तरी आहेत का" हे मात्र मी सोडणार नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी पावसाळ्यात सकाळी त्यांचा फोन येतो. तिथे सात वाजलेले असतात, इथे आदल्या रात्रीचे साडेदहा. कोयनेत किती पाणी आलं, किती क्युसेक सोडलं, हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. परवा त्यांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करतेस काय?" मी इथल्या पिन्येइरोस नदीबद्दल सांगू लागले. वीज करायला ती पंपांनी कशी उलटी वाहवली, तिच्यात सांडपाणी किती मिसळतं, हे सांगताना दर वाक्यात डिस्चार्ज, कॅचमेंट, स्पिलवे येत होतं. मध्येच डिस्चार्जसाठीचा पोर्तुगीज शब्द वाझाँवही येऊन गेला. अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे विसर्ग का? आणि पाणलोट? अन् ते स्पिलवे म्हणजे आपला सांडवाच ना?"

हे शब्द मी लहानपणापासून जेवताना ऐकले आहेत. कोयनेच्या सांडव्यावरून पडणारं पाणी मी अण्णांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. शब्द होते, घरातच होते. पुण्याला जाताना मी ते बरोबर घेतले नाहीत, कारण तिथे ते बोलायची मला लाज वाटायची. त्यावेळी मामांसारखं कुणी काही बोललंही नव्हतं. लाज माझी मीच धरली होती.

इथे पहिल्या आठवड्यात घरमालकीणबाईंनी हातात किल्ली ठेवत "शावी" म्हटलं, तेव्हा चावी आठवून मी हरखून गेले होते. बटाटा, पाव, साबण असे ओळखीचे शब्द वेचत दुकानांतून हिंडले होते. सांडव्यासाठी मी कधी अशी हरखले नव्हते.

मामांना अजून उत्तर दिलेलं नाही. प्रबंधाचा सारांश मराठीत लिहायला घेतलाय, वहीत, हाताने. दीड पान झालंय. पाऊस नसताना जमिनीतून झिरपून नदीला मिळत राहतं त्या पाण्यासाठी शब्द अडलाय. उद्या रात्री साडेदहाला अण्णांना विचारते.