पंधराशे तासांनी आउटबोर्ड मरत नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवला. वाशी, सारसोळे, दिवाळे, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, सगळीकडे तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आउटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाचं, आयुष्य १५०० तास. खाडीत त्याच्या निम्मं. तेवढे तास झाले की दुरुस्तीत पैसे घालू नका, मिळेल त्या भावाला विका. घ्यायचं तर टू-स्ट्रोकच घ्या, फोर-स्ट्रोक नाजूक. आणि कमी चाललेलं सेकंडहँड मिळालं तर डोळे झाकून उचला.

मी ही इंजिनं दुरुस्त करतो. हा मेसेज वाचून सारसोळ्याचे एक काका त्यांचं १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक टेम्पोत घालून माझ्याकडे आले. "बाला, ह्याचे पंधराशे तास कधीच होऊन गेले. भंगारवाला न्यायला तयार आहे, देऊन टाकू का?" मी दोन्ही प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. दोन्ही सिलिंडरचं प्रेशर जवळजवळ सारखं भरलं. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर काळजी करावी. इथे तेवढा नव्हता. गिअरचं एक ऑइल सील गेलं होतं आणि इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं फिरतं पाकळ्यांचं चाक, झिजला होता, बस्स. चालतं इंजिन एका मेसेजपायी भंगारात जाणार होतं, म्हणून हे लिहितोय.

आधी तो १५०० चा आकडा. तो हवेतून आलेला नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीच्या इंजिनांबद्दल हा ठोकताळा जुना आहे, पण तो मोठ्या ओव्हरहॉलपर्यंतच्या तासांचा आहे. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन उघडून रिंगा, बेअरिंगं, सीलं बदलणं, सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवणं. त्यानंतर इंजिन पुन्हा कामाला लागतं. मेसेज पुढे ढकलता ढकलता ओव्हरहॉल हा शब्द कुठेतरी गळला आणि "आयुष्य" हा शब्द त्याच्या जागी बसला.

आता हिशोब करून पाहा. हौसेखातर बोट ठेवणारा माणूस वर्षाला फार तर ५० तास इंजिन चालवतो. त्याला १५०० तास भरायला ३० वर्षं लागतील. आमचे काका दिवसाला तीन तास धरा आणि वर्षाचे २०० दिवस धरा, म्हणजे ६०० तास. त्यांचे १५०० अडीच वर्षांत संपतात. अडीच वर्षांत इंजिन भंगारात टाकायचं असतं तर कोळीवाड्यात एकाकडेही आउटबोर्ड दिसला नसता. उलट त्या हौशी माणसाचं इंजिन ३० वर्षं टिकेल याचीही खात्री नाही, कारण ते झिजून जाण्याआधी गंजून जातं. रोज चालणारं इंजिन आणि उभं राहणारं इंजिन वेगवेगळ्या कारणांनी जातात, त्यामुळे एकच आकडा दोघांना लावता येत नाही. शिवाय तास कसे गेले हेही बघावं लागतं. सतत पूर्ण थ्रॉटलवर गेलेले ५०० तास आणि मध्यम वेगाने गेलेले ५०० तास सारखे नसतात. पाण्यातला पंखा (प्रोपेलर) चुकीच्या मापाचा असेल आणि इंजिन पूर्ण थ्रॉटलला कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचतच नसेल, तर प्रत्येक तास ते ओझ्याखाली दबून चालतं.

"खाडीत निम्मं आयुष्य." हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात अर्धं खरं आहे. आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात होडी चालते तेच पाणी खालून ओढून ते थंड होतं. ठाणे खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि ओहोटीला दोन्ही बाजूंना चिखलाची मैदानं उघडी पडतात. त्या वेळी होडी काढली की पंप पाण्याबरोबर गाळ ओढतो. इंपेलर रबराचा असतो, गाळ त्याच्या पाकळ्या घासतो आणि भोवतीची वाटीही खरवडतो. त्यात प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसली की इंजिन काही मिनिटांत तापतं. बऱ्याच जुन्या इंजिनांना तापल्याचा भोंगाही नसतो. मागून पडणारी पाण्याची धार हाच तुमचा भोंगा. ती बारीक झाली किंवा हाताला वाफाळती लागली की इंजिन तिथेच बंद करा. किनारा जवळ दिसतोय म्हणून पुढे नेलं की पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

पण हे नुकसान तुमच्या हातात आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं चालवा. गरम धातूवर खारं पाणी सुकलं की मीठ आत राहतं, आणि त्या मिठाने पाण्याच्या वाटा बुजतात. कोळीवाड्यात पाण्याची ओढाताण असते हे मला माहीत आहे. तरी तेच पिंप दोन-तीन दिवस वापरलं तरी चालतं, खारट लागेपर्यंत. कोरडं मात्र एक क्षणही चालवू नका, रबर जळतं. इंपेलर आमच्या खाडीत दर वर्षी बदलावा, असं माझं मत आहे. आणि होडी उभी करताना इंजिन उचलून ठेवा. इंजिनाचा पाय, म्हणजे त्याचा खालचा भाग, पाण्यात सोडून रात्रभर ठेवलं तर गंज रात्रभर काम करतो.

झिंकबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे चूक नेहमी दिसते. झिंक म्हणजे जस्त. इंजिनाच्या पायाला लावलेली त्याची राखाडी वडी स्वतः गंजावी आणि ॲल्युमिनियमचा पाय वाचावा, यासाठीच असते. आपल्याकडे बरेच जण इंजिन रंगवताना तिलाही रंग फासतात, आणि रंग बसला की तिचं काम बंद. खाडीचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात ते चांगलंच खारट असतं, पावसाळ्यात वरून येणाऱ्या पाण्याने पार मचूळ होतं. कमी खारट पाण्यात जस्ताच्या वडीवर कवच धरतं आणि ती निष्क्रिय होते. ॲल्युमिनियमची वडी दोन्ही पाण्यांत चालते, म्हणून मी तीच लावतो. निम्मी झिजली की बदला. वडी स्वस्त असते. इंजिनाचा पाय नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, यावर फार वेळ घालवत नाही. टू-स्ट्रोक हलकं, भाग कमी, दुरुस्ती सोपी. पण त्याचं ऑइल इंधनातूनच मिळतं. पन्नासला एक असं प्रमाण असेल तर लिटरला २० मिली. एकदा घालायला विसरलात की सगळं संपलं. फोर-स्ट्रोक इंधन कमी पितं, ऑइल दर १०० तासांनी बदललं तर छान टिकतं, पण जाळ्यापाशी तासन् तास मंद चालवत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल त्याच्या ऑइलमध्ये उतरतं. दोन्ही नीट ठेवली तर आयुष्यात मोठा फरक मला तरी दिसलेला नाही. त्यापेक्षा सुटे भाग मिळतात का ते बघा. एव्हिनरूड हे आउटबोर्डमधलं सगळ्यात जुन्या नावांपैकी एक, १९०९ पासूनचं. २०२० मध्ये त्यांचं उत्पादन बंद झालं. ज्याचा भाग बाजारात मिळत नाही ते इंजिन कमी तासांतही अडून बसतं.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक: कमी चाललेलं इंजिन डोळे झाकून घ्या. तास कमी म्हणजे बहुधा उभं राहिलेलं. उभ्या इंजिनात कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून गोंद होतो, इंपेलरच्या पाकळ्या वाकलेल्याच कडक होतात, सीलं आखडतात. त्यात आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात व टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या टाकीतून इंजिन पहिला घोट तोच घेतं. रॉकेलवर इंजिन चालवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, सुरू करायला तुम्हीही पेट्रोलच वापरता. होडी वर ओढली की नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन पिंपात चालू द्या, आणि नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर तासांचा आकडा विचारा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. नव्या फोर-स्ट्रोकचा कॉम्प्युटर किती तास कुठल्या आरपीएमवर गेले ते दाखवतो, मेकॅनिककडून ते काढून घ्या. जुन्याला गेज लावा. मग पंखा काढून मागे शाफ्टवर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलाय का बघा. आपल्या खाडीत तुटक्या जाळ्यांचा दोरा हमखास अडकतो आणि सील कापतो. काकांचंही असंच झालं होतं. त्यानंतर खालचा स्क्रू सोडून थोडं गिअर ऑइल पांढऱ्या बाटलीत काढा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. अशा वेळी विकणारा कितीही घासाघीस करू देत असला तरी आधी गिअर उघडून दाखवायला सांगा, आणि तो नाही म्हणाला तर रिकाम्या हाती घरी या.