डिझाइन टीमला मानाचं पान कसं वाढावं

राजेहो, नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात ऑफिस थाटलं म्हणजे यूएक्स टीम, म्हणजे वापरणाऱ्याला ॲप सोपं जावं हे बघणारी डिझाइन टीम, हवीच. गुंतवणूकदार आला की रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेली भिंत दाखवायला बरी पडते. १९९३ साली डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी ॲपलमध्ये 'यूजर एक्सपिरियन्स' (यूएक्स, वापरणाऱ्याचा अनुभव) हे शब्द आपल्या हुद्द्यात घातले, तेव्हा त्यांच्या मनात पडद्यापासून माहितीपुस्तिकेपर्यंत सगळं होतं. आपण इतकं मनावर घेऊ नये.

समजा, काटोल-नरखेडच्या संत्रा बागाईतदारांसाठी ॲप काढायचं आहे. एखादी आगाऊ डिझायनर म्हणेल, "सर, आधी बागेत जाऊन येते." जाऊ देऊ नका. गेली तर तिला कळेल की बरेच जण फळ झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला उक्ती देतात. मग 'माल किती किलो?' हा तुमचा सक्तीचा रकाना शेतकऱ्यानं भरावा कसा? त्यावर ती विचारेल, "आपलं गिऱ्हाईक शेतकरी की व्यापारी?" झालं! हा धंद्याचा प्रश्न, आणि वेळेत विचारला तर अख्खं काम बदलावं लागतं. म्हणून तिला कोडिंग संपल्यावरच बोलवा. तेव्हा एकच प्रश्न उरतो, बटण हिरवं की केशरी. केशरीच ठेवा, संत्रानगरी आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या उन्हात केशरीवरची पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, असं ती कुरकुरेल. तुमच्या एसीत येतात ना?

चाचणी मात्र जरूर करा. पाच माणसं पुरतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० सालीच लिहून ठेवलंय. त्यांना खरे वापरणारे अभिप्रेत होते, पण पाच म्हणजे पाच. तुम्ही, तुमचे मेहुणे, अकाउंटंट, मार्केटिंगवाला आणि चहावाला. चहावाल्याला आधी समजावून ठेवा, तो खरं बोलतो.

डाउनलोड मोजा. किती जणांनी फॉर्म अर्ध्यावर सोडला, ते मोजून कुणाचं भलं झालंय?

एवढं करूनही ॲप कुणी उघडलंच नाही, तर दोष शेतकऱ्यांचा. 'डिजिटल साक्षरता शिबिर' भरवा, जेवणात सावजी रस्सा ठेवा. गर्दी हमखास. निमंत्रणपत्रिका मात्र डिझाइन टीमकडूनच करून घ्या आणि वार्षिक अहवालात ते काम 'धोरणात्मक सहभाग' या मथळ्याखाली टाका.