इन्सेंटिव्ह वाढवला की बँकेतलं काम आपोआप सुधारतं? खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय की बँक कर्मचाऱ्यांना टार्गेट आणि इन्सेंटिव्ह द्या, मोटिव्हेशन वाढेल आणि परफॉर्मन्स आपोआप सुधारेल. हे अर्धंच खरं आहे. पैशाने माणूस जोर लावतो हे बरोबर, पण जे मोजलं जातं तिकडेच लावतो, आणि बँकेत आकडा वाढणं म्हणजे काम चांगलं होणं नाही. कर्ज किती वाटली यावर बोनस दिला तर कर्जं वाटली जातात, ती फिटतील का हे बघायला कोणाला वेळ राहत नाही, आणि बुडीत कर्ज दिसेपर्यंत बोनस खिशात गेलेला असतो!

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं उदाहरण बघा. विक्रीच्या टार्गेटपायी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली गेली, २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५३०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. मोटिव्हेशन कमी नव्हतं हो, दिशा चुकीची होती.

आणि पगार गौण आहे असंही कोणी समजू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने १९५९ मध्ये मांडलं ते एवढंच की पगार कमी असला तर नाराजी येते, पण कामात मन लागतं ते जबाबदारी, कौतुक आणि बढतीची संधी मिळाल्यावर.