एक नंबर घरचा, दोन नंबर चोर! बास करा आता

"एक नंबर घरचा, दोन नंबर चोर." पेनकिलरचा अख्खा धडा आमच्या क्लासमध्ये या एका ओळीत उरकला. कॉक्स म्हणजे पेनकिलर बंद पाडतात ते एन्झाइम; त्यातलं कॉक्स-वन चांगलं, कॉक्स-टू वाईट. पाठ करा, मार्क घ्या, उठा. डोकं फिरलंय माझं!

अहो, चोर कसला? सुजेच्या जागी कॉक्स-टू वाढतं हे खरं, पण मूत्रपिंडात ते एरवीही कामावर असतंच. रक्तवाहिन्यांत गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिन बनवायलाही तेच लागतं. फक्त त्या 'चोरा'ला धरणारं रोफेकॉक्सिब नावाचं पेनकिलर आलं, आणि हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावं लागलं. हे कोण शिकवणार?

परवा गंगावेशीत मामाच्या मेडिकलमध्ये बसले होते. एक आबा गुडघा धरत आले. "डायक्लोफेनॅकची पट्टी दे बाळ." बीपीची गोळी चालू आहे का विचारलं. "हाय की, टेल्मिसार्टन. आन लघवीची बी एक हाय." तरी पट्टी माझ्या हातातच! डोक्यात पेनकिलरचे धोके पाठ करायच्या सूत्राची अक्षरं फिरत होती आणि 'पी' म्हणजे पेप्टिक अल्सर की प्लेटलेट, तेच आठवेना. मामानं पट्टी काढून घेतली, आबांना डॉक्टरांकडे पाठवलं.

मग दोन मिनिटांत मला सांगितलं. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाट कॉक्सनं बनवलेलं प्रोस्टाग्लँडिन उघडी ठेवतं, पेनकिलरनं ती आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी वाट सैल करतं. लघवीच्या गोळीनं अंगातलं पाणी आधीच कमी. मग गाळणीत दाब राहणार कुठनं? जन्मात विसरणार नाही मी हे, आणि एक अक्षर पाठ करावं लागलं नाही.

ॲस्पिरिनचंही तेच. रक्त गोठण्यावर त्याचा असर किती टिकतो? "ॲस्पिरिन, सात दिवस" एवढंच वहीत. का सात? प्लेटलेटला केंद्रकच नसतं. ॲस्पिरिननं तिचं कॉक्स एकदा कायमचं बंद पाडलं की तिला नवं बनवता येत नाही, ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तसंच. एवढं सांगायला किती वेळ लागतो ओ? क्लासमध्ये विचारलं तर म्हणे, "परीक्षेला येत नाही." आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक नुसतं "का?" म्हणाले, तर अख्खी बॅच मान खाली घालून उभी!

औषधांची नावं लक्षात ठेवायला सूत्र द्या की, हवंच आहे. कारणाच्या जागी सूत्र कशाला कोंबताय?

सोमवारपासून ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारखी पेनकिलर. नोट्स आजच हातात पडल्या, पहिल्या पानावर चौकटीत सूत्र.